सोमवारचा तवा

बायको गेली त्याला आठ महिने झाले. शेवटचा दीड महिना ती जेवत नव्हती, त्याबद्दल लिहितो. बाकीचं आजारपण सगळ्यांच्या घरी सारखंच असतं.

डॉक्टर म्हणाला होता, आवडेल ते द्या, पण पोटात जाऊ दे. सांगणं सोपं. मुलगी डिचोलीहून येऊन पेज करायची, मुगाची खिचडी करायची. ही दोन चमचे घ्यायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. आत तिचा जीव घुसमटायचा म्हणून खाट पडवीत घातली होती. रांधपघर पार मागच्या बाजूला. तिथून ताट पडवीत येईपर्यंत निवायचं. एकदा ती म्हणाली, "तव्यावरचां गरम खाऊन बघूचां होतां. जल्मभर तुमका वाढलां नि मी मागसून निवलेलां खाल्लां."

खरं होतं.

जावयाने सहलीला न्यायची गॅसची शेगडी घेतली होती. पाय दुमडतात, बाजूला लहान सिलिंडर, मिटली की पेटीएवढी. एकदा समुद्रावर नेली आणि मग माळ्यावर टाकली. वरची जाळी गंजून गेलेली. मुलगी ती घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, ही खाटेजवळ ठेवून तिच्यासमोर भाजा. वरचं तेवढं नवीन घ्या." घरचा तवा ठेवून पाहिला, पण त्याचं पोट गोल. शेगडीच्या दोन पट्ट्यांवर तो डुलत राहिला.

पेडण्याहून बस धरून म्हापशाला गेलो. दुकानदाराने त्या मापाच्या तीन वस्तू पुढे ठेवल्या. तारेची जाळी, नॉनस्टिकचा काळा तवा आणि बिडाचा चौकोनी तवा.

"आजोबा, पिकनिकला जाळीच घेतात लोक," तो म्हणाला.

"पिकनिकला कोण जातोय?"

पाळी गावच्या खाणीवर तीस वर्षं ट्रक चालवला मी. भरायचा नंबर लागेपर्यंत पत्र्याच्या तुकड्यावर बांगडे भाजून खाल्लेत. जाळीवर मासळीची चरबी विस्तवात गळते आणि धूर होतो. तो धूर हिच्या छातीत गेला तर मी काय करणार? नॉनस्टिक हातात घेतला, तर ताटासारखा हलका. असल्या तव्यावर बांगडा भाजत नाही, नुसता शिजतो. बीड जड असतं, उशिरा तापतं, पण तापलं की धरून ठेवतं. बिडाचाच घेतला.

नवं बीड लगेच वापरता येत नाही. दोन दिवस पेजेच्या पाण्यात ठेवलं, मग तापवून तेल लावायचं, गार करायचं, परत तेल. अर्धा कांदा गार्फाला, म्हणजे जेवायच्या काट्याला, टोचून तव्यावर फिरवत होतो. ही खाटेवरून बघत होती.

"तेल किती ओतलांत? तवो पेवता काय तेल?"

"तू गप पड गो."

"कांदो मधीच फिरयतात. कडे कोण लावतलो?"

बऱ्याच दिवसांनी ती इतकं बोलली. मी मुद्दामच दोनदा कड सोडली.

रविवारी बांगडे केले. मीठ, हळद, मिरची, कोकमाचं आगळ, वर रवा. तव्यावर पडल्यावर चर्र झालं तशी ती उशीवर वर सरकली. अर्धा बांगडा खाल्ला, काटे नीट काढून. मग म्हणाली, "उद्यां पोळे करा." पोळे म्हणजे तांदळाच्या पिठाचे, डोशासारखे. मला पंख फुटले. लगेच तांदूळ, उडीद भिजत घातले, रात्री वाटून ठेवले, तवा साबणाने तीनदा घासला.

सकाळी पहिला पोळा घातला आणि बशी तिच्यापुढे धरली. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"कालचोच तवो हो?"

"घासलाय गो. साबणाने, तीनदा."

"आज सोमवार."

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडे सोमवारी मासळी नाही, आणि मासळीचा तवा शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाला कधी नाही. रांधपघरात दोन तवे वेगवेगळ्या खिळ्यांना टांगलेले असायचे. पन्नास वर्षं ते मी बघत होतो, पण सांभाळत ती होती. मी फक्त जेवत होतो. एकच तवा घ्यावा आणि पहिल्यांदा त्यावर बांगडाच भाजावा, हे माझ्यासारख्यालाच सुचणार.

"आजारी माणसाला चालतं. देव समजून घेतो."

"देवाच्या वतीन बोलूक तुमी कोण?"

त्यावर मी म्हणालो, "मग मर उपाशी."

तोंडातून गेलं. तिला राग आला नाही. "त्याच वाटेर आसंय," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

शेजारणीला तिच्यापाशी बसवलं आणि परत बस धरली. दुकानदाराने मला ओळखलं. "आजोबा, तवा फुटला?"

"फुटला नाही. काल त्यावर बांगडे भाजले."

त्याने कॅलेंडरकडे बघितलं. पुढे काही सांगावं लागलं नाही. बिडाचा दुसरा तवा काढायला तो वळला, तसा मीच म्हणालो, "बीड नको. त्याला तीन दिवस लागतात. तिला आज खायचंय." ज्याला ताट म्हणून हिणवलं होतं, तोच नॉनस्टिक काखेत मारून आलो. धुतला आणि ठेवला शेगडीवर.

दुपार झाली होती. पीठ थोडं आंबलं होतं. पोळा न चिकटता सुटला. तिने तव्याला बोटाने टिचकी मारली आणि म्हणाली, "खेळण्यातलो दिसता." मग पोळ्याचा तुकडा मोडला. तुकड्यातून वाफ निघत होती. ती फुंकर न घालताच खात होती. मी विचारलं, "मीठ बरोबर आहे?" तिने मान हलवली, म्हणजे नाही, पण तोंड चालूच होतं. एक संपवला. रिकामी बशी माझ्याकडे सरकवली. मी दुसरा घातला. सकाळच्या बोलण्याबद्दल मला काहीतरी म्हणायचं होतं. ती म्हणाली, "कड करपता, बघा." म्हणून राहिलं.

दुसरा अर्धाच खाल्ला. हात पुसताना म्हणाली, "उद्यां मंगळवार. बांगडे मिळतले?"

मंगळवारी पेडण्याच्या बाजारात मी उजाडताच जाऊन उभा राहिलो. मासेवाली अजून टोपली उतरवत होती. "आजो, इतक्या बेगीन? पावणे इल्यात?"

"नाही," मी म्हटलं. "बायकोने मागितलेत."