पदराला लावलेला चिमटा

रत्नागिरीत विमानं उडवणाऱ्यांचा क्लब होता असं सांगितलं की लोक आजही माझ्याकडे संशयाने बघतात. होता. ऐंशीच्या दशकात, मिरजोळ्याच्या पलीकडच्या सड्यावर, म्हणजे काळपट कातळाच्या उघड्या पठारावर, आम्ही दर रविवारी सकाळी जमायचो. हातात रेडिओचा खोका आणि त्याच्या इशाऱ्यावर चालणारी, काखेत मावतील अशी विमानं.

मी टेलिफोन खात्यात नोकरीला, आणि माझं विमान बिनइंजिनाचं ग्लायडर. पहिल्यांदा गेले तेव्हा ठरवूनच गेले होते, कुणी हसलं तर चार शब्द सुनावून परत यायचं. राग माझ्या नाकावर कायम बसलेला. पण तिथे लोटे गावच्या रसायनांच्या कंपनीतला एक केमिस्ट हेलिकॉप्टर घेऊन आला होता. ते जमिनीपासून वीतभरही सुटत नव्हतं आणि ते सुटावं म्हणून बाकी सगळेच घाम गाळत होते. मला भांडायला जागाच उरली नाही.

अडचण एकच होती. आमचे सगळे रेडिओ एकाच लहरीवर चालायचे. दोघांनी एकदम चालू केले की हवेतलं विमान कुणाचंच ऐकायचं नाही आणि सरळ कातळावर आपटायचं. म्हणून कपडे वाळत घालायचा एक चिमटा ठेवला होता. तो ज्याच्या अंगावर, त्यानेच रेडिओ लावायचा. बाकीचे शर्टाच्या खिशाला लावायचे, मी पदराला. इंजिनवाल्यांची फेरी टाकीतलं तेल संपलं की संपायची. ग्लायडर मात्र वर गरम हवेत सापडलं तर उतरायचं नाव घ्यायचं नाही.

आमच्यात दातांचे एक डॉक्टर होते. वर्षभर खपून त्यांनी दुमजली पंखांचं पिवळंधमक विमान केलं होतं. लाकूड कोरायला दवाखान्यातलीच हत्यारं, आणि कारखाना म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल. ते पहिल्यांदा उडणार त्या रविवारी वहिनीही आल्या होत्या. "एकदा उडताना बघते, मग टेबलाचं काय ते बोलते," असं त्यांनी आम्हाला आल्या आल्या सांगून टाकलं. डॉक्टर नवरदेवासारखे घाबरले होते.

इंजिन काही केल्या धरेना. "तोवर तुझं उडवून घे," असं म्हणत डॉक्टरांनी चिमटा माझ्या हाती दिला. केमिस्टने दोरी धरून पळत पळत माझं ग्लायडर वर चढवलं. वर एक घार घिरट्या घालत होती. मी तिच्याकडे वळवलं, आणि ग्लायडर चढतच गेलं. इतकं उंच मी ते कधीच नेलं नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टरांचं इंजिन धडधडायला लागलं. थोडा वेळ वाट बघून त्यांनी तेल वाचवायला ते बंद केलं. सडा तापला की समुद्राकडून वारा सुटतो आणि नव्या विमानाला तो झेपत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी घाईघाईने ग्लायडरचं नाक खाली केलं.

डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. "उतरवू नको गो बाय."

"वारा सुटेल. वहिनी आल्यायत."

"सुटू दे. अशी हवा रोज गावते काय? राहू दे वर."

मला त्यांचा रागच आला. एवढा चांगुलपणा माणसाला अवघडून टाकतो. पण ग्लायडर वरच धरून राहिले. घार कंटाळून निघून गेली तरी आमचं चाललंच होतं.

ग्लायडर उतरलं तेव्हा वारा चांगलाच भरला होता. गवत आडवं झालं होतं. पिवळ्या विमानाचे पंख केमिस्टने दाबून धरले होते. आज ते उडणार नव्हतं. मी चिमटा काढून डॉक्टरांपुढे धरला, तर त्यांनी तो नुसता खिशात टाकला.

वहिनी अजून वरच बघत होत्या. "आवाज नाही, काही नाही. एवढा वेळ ते राहिलं कसं हो?"

मी तोंड उघडणार तोच डॉक्टर पुढे झाले. तेलाने काळे झालेले दोन्ही हात पसरून त्यांनी गरम हवा कशी चढते, घारीला ती कशी कळते, हे बायकोला समजावलं. आवाज असा, की माझं विमान त्यांनीच बांधलं असावं. मग ग्लायडर अलगद उचलून त्यांनी वहिनींच्या हातात दिलं.

"हे बघ," ते म्हणाले, "आमचं सगळ्यांत उंच जाणारं विमान."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.