साडेपाचचा फुगा

मद्रास मेल सोलापूरच्या फलाटावर जेमतेम दहा मिनिटं थांबली, आणि त्यातली आठ सासूबाईंनी शेंगाचटणीचा डबा कुठे ठेवायचा यावर घालवली. ह्यांची बदली मद्रासच्या रेल्वे कचेरीत झाली होती. माझ्या कडेवर दीड वर्षाची नलू होती. सुमनवन्सं, तुम्ही खिडकीशी उभ्या होतात आणि माझ्याकडे न बघता भाचीच्या टोपड्याचे बंद पुन्हा पुन्हा बांधत होतात. गाडी हलली तशा सासूबाई म्हणाल्या, "पोर सांभाळ गं. बाकीचं आपोआप होतं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, हे काय सांगायला हवं?

परवा तुमचं पत्र आलं. नलू आता सतरा वर्षांची, तुमच्याकडे राहून सोलापूरच्या कॉलेजात जाते. पोर गुणी आहे, लिहिलंत, पण संध्याकाळी घरी आली की गप्प असते. माझ्यावर रागावून आलीय का, असं विचारलंत. वन्सं, नेमका हाच प्रश्न मला तेरा वर्षांपूर्वी पडला होता, आणि त्यापायी मी नोकरी सोडायला निघाले होते. ते प्रकरण मी ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगते.

नलू चार वर्षांची झाली तेव्हा मी इथल्या हवामानाच्या कचेरीत लागले. घरात काही अडलं होतं असं नाही. मला जायचं होतं म्हणून गेले, हे आधी कबूल करते. एखादी गोष्ट दिसली की तिच्यामागे काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, ही खोड तुम्हाला ठाऊक आहे. मद्रासच्या कोडंबाक्कम भागातल्या आमच्या दोन खोल्यांत बघण्यासारखं सगळं वर्षभरात बघून झालं होतं. कचेरीत रोज संध्याकाळी साडेपाचला गॅस भरलेला एक फुगा सोडत. तो वर जाताना यंत्राच्या भिंगाला डोळा लावायचा आणि दर मिनिटाला तो कुठे आहे ते टिपायचं. त्यावरून वरच्या हवेतला वारा कळतो. आकाश स्वच्छ असेल तर फुगा पांढरा, ढगाळ असेल तर गडद. मला त्या कामाची इतकी गोडी लागली की सुट्टीच्या दिवशी हात चुळबुळायचे. अपराधी वाटायचं ते यामुळेच. नाइलाजाने जाणाऱ्या बाईला निदान नाइलाजाचा आधार असतो.

नलू दिवसभर खालच्या मजल्यावरच्या तुळजाबाईंकडे राहायची. त्या तंजावरच्या मराठी, विधवा, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं मराठी ऐकलं की जुनं दप्तर उघडल्यासारखं वाटे. गल्लीतल्या मुलांचं ऐकून नलू त्यांना पाट्टी म्हणायची, म्हणजे आजी. पहिल्या दिवशी नलू माझा पदर सोडेना. मी घाईत सांगितलं, "साडेपाचला गच्चीवरून बघ, फुगा येईल. तो मी पाठवलेला." संध्याकाळचा वारा समुद्राकडून येतो आणि कचेरी आमच्या पूर्वेला पाऊण मैलावर, तेव्हा फुगा घरावरून जाणार हे मला माहीत होतं. पुढे एकदा तिला कचेरीत नेऊन भिंगातून फुगा दाखवलाही होता. त्यानंतर मी ते विसरून गेले.

विसरले नाही ती तिची गप्पगप्प संध्याकाळ. मी साडेसातला यायची आणि चप्पल काढता काढता प्रश्नांचा मारा सुरू करायची. काय खाल्लंस, कोणाशी खेळलीस, पडलीस का? नलू माझ्याकडे असं बघायची की जणू मीच काहीतरी विसरते आहे, आणि चेंडू घेऊन कोपऱ्यात जायची. तुळजाबाईंना विचारावं तर त्या म्हणायच्या, "कांही जालें नाही. जेवली, निजली, सांबार मागून घेतलें. तुम्ही चिंता न करणें." माझ्या मुलीच्या दिवसातले आठ तास मला कळतच नव्हते. आकाशात मैलभर उंचीवर काय चाललंय ते मी सांगू शकत होते, आणि खालच्या मजल्यावरचं नाही.

हे मी मूर्खासारखं सोलापूरला लिहून बसले. उत्तर सासूबाईंचं, अक्षर तुमचं. पोर गप्प झाली म्हणजे मनातून तुटली, तिला इकडे पाठवून दे, असं त्यात होतं. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "तू म्हणशील तसं." हे वाक्य बायकोला किती एकटं पाडतं ते नवऱ्यांना कळत नाही. मुलीला पाठवायची नाही हे माझं ठरलेलं होतं. तेव्हा मी राजीनामा लिहिला आणि पिशवीत घातला.

तीन दिवस तो पिशवीतच राहिला. आमचे वरिष्ठ नव्या माणसाला एकच गोष्ट शिकवत: दिसलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका. फुगा ढगाआड गेला तर तिथेच थांबायचं, अंदाजाने पुढचा आकडा भरायचा नाही. चौथ्या दिवशी टेबलाशी बसल्याबसल्या मला जाणवलं की नलूचा राग मी पाहिलेलाच नाही. मी तो अंदाजाने भरला होता. मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, माझा फुगा दुसऱ्याकडे सोपवला आणि पाचच्या सुमारास मागच्या जिन्याने चोरासारखी आमच्याच गच्चीवर चढले. तुळजाबाईंची नऊवारी वाळत होती, तिच्याआड उभी राहिले.

सव्वापाचला दोघी वर आल्या. तुळजाबाई वाळलेले सांडगे गोळा करायला लागल्या. नलू कठड्यापासून हातभर लांब, खडूने काढलेल्या एका रेघेवर जाऊन उभी राहिली. ती रेघ रोजची असावी. थोड्या वेळाने झाडांवरून पांढरा ठिपका वर आला, आणि माझी अबोल मुलगी तोंड वर करून बोलायला लागली.

"आई, आज इडली दोन खाल्ल्या, एक कावळ्याला. गुडघा फुटलाय, पाट्टीने हळद लावली. दुखत नाही. तुला दिसतोय ना?" आणि खरोखरच तिने फ्रॉक उचलून गुडघा आकाशाला दाखवला. "उद्या निळी साडी नेस. लवकर ये. नाही आलीस तरी चालेल, पाट्टीची गोष्ट अर्धी राहिलीय."

ठिपका दिसेनासा होईपर्यंत ती बोलत होती. मग हात झटकून म्हणाली, "सांगून झालं," आणि सांडगे गोळा करायला गेली.

साडीआड मी तोंडावर हात धरून उभी होते. ती दिवसाचं सगळं रोज सांगत होती. मी भिंगातून फुगा बघते, तर फुग्याखालची ती मला दिसतेच, असा तिचा सरळ हिशेब होता. मग संध्याकाळी तेच तेच विचारणारी आई तिला विसरभोळी वाटली तर नवल काय? मला हसू आलं आणि रडूही आलं. आणि खरं सांगू का, वन्सं, त्या सगळ्यात मला लागलं ते 'चालेल'. माझ्यावाचून तिचं चालावं म्हणून मी धडपडत होते, आणि चालतं म्हटल्यावर मला ते नको होतं.

मी पुढे झाले नाही. ती मला सांगत होती, पण वरच्या मला. साडीआडून निघालेली आई तिला खोटी वाटली असती. आले तशी जिना उतरले, साडेसातपर्यंत रस्त्याने फिरले आणि रोजच्या वेळी घरी गेले. गुडघा दिसत होता, विचारला नाही. दुसऱ्या दिवशी निळी साडी नेसले. नलूने एकदा बघितलं, मान हलवली आणि खेळायला गेली. राजीनाम्याच्या कोऱ्या पाठीवर पुढे तिनेच बदकं काढली. माझं अपराधीपण काही गेलं नाही, अजूनही अधूनमधून येतं, पण त्याच्या भरीला पडून मी तिच्या मनातलं लिहायचं सोडलं. सासूबाईंना 'पोर बरी आहे' एवढंच कळवलं. त्या गेल्या, तरी तेवढं स्पष्टीकरण त्यांचं देणं राहिलं होतं, ते आज तुमच्याकडे फेडते आहे.

तेव्हा नलू संध्याकाळी गप्प बसली तर राग समजू नका. प्रश्न विचारू नका. तिला गच्चीवर जाऊ द्या आणि हवं तर वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने तुम्हीही जा. कोणाला काय सांगते ते ऐकू आलं तर मला कळवू नका; ते तिचं आहे.

मला इकडे लोक विचारतात, घर कुठलं? वर्षानुवर्षं मी सोलापूर म्हणत आले, मग काही वर्षं कोडंबाक्कम. आता थोडी अडखळते. काल साडेपाचला फुगा सोडला, भिंगाला डोळा लावला. वारा नेहमीसारखा समुद्राकडून होता, फुगा पश्चिमेला वळला. तो सोलापूरच्या वाटेवर फार लांब जात नाही, पुष्कळ अलीकडे फुटतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी शेजारचा मदतनीस वहीत आकडे लिहीत होता तेवढ्यात मी हळूच सांगून घेतलं: नलू, आज वांग्याची भाजी केली होती, तुळजाबाईंचा गुडघा दुखतोय, आणि निळी साडीच नेसले आहे.