गाडीचं नाव सांगायचं नाही

बॉनेटवर कुरडया वाळत होत्या, त्यामुळे मला गाडी उघडून बघता येईना.

"दुपारपर्यंत थांबा ताई," मंदाताई म्हणाल्या. "ओल्या हाईत. आता उचलल्या तं मोडतीन."

गाडी त्यांच्या यजमानांची, दिलीपभाऊंची. धामणगाव रेल्वे या गावात त्यांची धान्याची अडत आहे. गाडी लाल, दोन सीटची, कापडी छपराची. आपल्याच देशात काही वर्षं बनली, मग बनवणारी छोटी कंपनी बंद पडली. तीन उन्हाळे ती पोर्चमध्ये उभी होती आणि मंदाताईंनी तिला वाळवणाच्या कामाला लावलं होतं. पत्रा छान तापतो, एवढाच तिचा गुण त्या मान्य करत. यंदा त्यांनी मुदत दिली होती. अक्षय तृतीयेपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली नाही, तर भंगारवाला येणार. त्याचा नंबर फ्रीजवर चिकटवलेला मी पाहिला.

माझं अमरावतीत स्पेअर पार्टचं दुकान आहे. दिलीपभाऊ आधी मुंबईच्या एका डीलरकडे गेले होते. त्याच्या कोटेशनमध्ये एखादी बरी सेकंडहँड गाडी आली असती. ते कोटेशन मंदाताईंनी वाचलं, मग मुदत निघाली आणि दिलीपभाऊ माझ्याकडे आले.

दुपारी कुरडया उतरल्या. मी यादी केली: क्लच प्लेट, ब्रेकची रबरं, बेल्ट, वायपर मोटर, मागचे दिवे, दाराचं हँडल, वॉटर पंप, फिल्टर, ऑइल. समोर एक रिकामा रकाना ठेवला आणि वर लिहिलं, माहेर.

हे जरा समजावून सांगते. मोजक्या गाड्या काढणारी कंपनी स्वतःचा दिवा किंवा वायपर बनवत बसत नाही. तिला परवडत नाही. बाजारात मिळेल ते ती घेते आणि वर आपली बॉडी चढवते. म्हणून अशा गाडीचे पार्ट तिच्या नावाने शोधायचे नसतात. जुना पार्ट काढायचा, माप घ्यायचं, त्यावर कोरलेला नंबर वाचायचा आणि तो मुळात कोणत्या गाडीचा ते शोधायचं. एकदा माहेर कळलं की तो साध्या भावात मिळतो.

याला जोडून माझा दुसरा नियम. दुकानात गाडीचं नाव सांगायचं नाही. जुना पार्ट काउंटरवर ठेवायचा आणि "असाच द्या" म्हणायचं. बस.

अडचण एकच होती. दिलीपभाऊंना सोबत यायचं होतं.

पहिल्याच दुकानात मालकाने ब्रेकचं किट काढलं, भाव सांगितला. भाव बरोबर होता. मी पर्स उघडली, तेवढ्यात दिलीपभाऊंनी खिशातून मोबाइल काढून फोटो दाखवला. "हिच्यासाठी पाहिजे. वरून उघडते."

मालकाने फोटो नीट पाहिला, किट परत कपाटात ठेवलं आणि आतून दुसरं आणलं. पाकीट तेच, भाव दुप्पट.

बाहेर येऊन मी विचारलं, "बाजार समितीत तूर घेताना तुम्ही शेतकऱ्याला सांगता का, की दालमिलवाला किती द्यायला तयार आहे?"

"नाई."

"मग इथे कशाला?"

"तुरीचा फोटो कोणी खिशात ठेवते काय, ताई?"

त्यानंतर मी त्यांना दर वेळी चहाच्या टपरीवर बसवू लागले. रकाना भरत गेला. मागचे दिवे मिनीबसचे निघाले, वायपर मोटर तीनचाकी टेम्पोची, हँडल स्कूल व्हॅनचं. यादी वाचून दिलीपभाऊंचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी इतके वर्सं स्कूल व्हॅन चालवून राहिलो होतो काय?"

"रंग तुमचा आहे," मी म्हणाले.

ऑइलवरून थोडं वाजलं. त्यांना परदेशी डब्यातलं महागडं रेसिंग ऑइल हवं होतं. ते पातळ असतं. नव्या इंजिनला चांगलं, पण जुन्या इंजिनची सीलं, म्हणजे तेल अडवणारी रबरं, कडक झालेली असतात आणि पातळ तेल तिथून पाझरतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हवामानाप्रमाणे ऑइलचा तक्ता होता. आपल्या उन्हाळ्यासमोर साधं घट्ट ऑइल लिहिलेलं, ज्याला दुकानात 'वीस-पन्नास' म्हणतात. ते कोणत्याही पेट्रोल पंपावर मिळतं. दिलीपभाऊंना हेच खटकलं.

शेवटी फक्त वॉटर पंप राहिला. इंजिनात पाणी फिरवून ते थंड ठेवणारा हा पार्ट. तो नसेल तर वैशाखात गाडी फाटकाबाहेर जाईल, पण गावाबाहेर नाही. त्याचं माहेर सापडलं होतं, एक जुनी परदेशी सेडान. पण ती सेडानच आता रस्त्यावर दिसत नाही. अमरावतीत कोणाकडे पंप नव्हता. अक्षय तृतीया चार दिवसांवर आली, तेव्हा आम्ही अकोल्याला हनीफभाईंकडे गेलो. जुन्या परदेशी गाड्यांचा माल ठेवणारे तेच उरलेत.

मी दिलीपभाऊंना टपरीवर बसवलं आणि जुना पंप काउंटरवर ठेवला.

"कोनत्या गाडीचा?" हनीफभाईंनी विचारलं.

"जुनी सेडान आहे एक."

"नाई ताई. आपल्यापाशी नाई."

मी निघतच होते. तेवढ्यात दिलीपभाऊ आत आले. टपरीवरच्या लोकांना फोटो दाखवून झाला असावा. त्यांनी मोबाइल सरळ हनीफभाईंच्या पुढे धरला. मी कपाळाला हात लावला.

हनीफभाईंनी चष्मा लावला. फोटो मोठा केला. मग शिडी घेतली आणि वरच्या फळीवरून एक खोकं उतरवलं. आत कोरा पंप होता.

"आत्ता तर नाही म्हणालात," मी म्हणाले.

"सेडान तं उद्या भंगारात जाईन. माझा शेवटचा पीस तिच्यात काहून घालू?" त्यांनी भाव सांगितला. मी जास्तीत जास्त जो धरला होता, त्याहून कमी. "पन एक शर्त हाय, भाऊ. गाडी सुरू झाली का धामनगाव ते अमरावती मी चालवीन."

दिलीपभाऊंनी मोबाइल खिशात ठेवला. त्या स्टिअरिंगला त्यांनी जावयालाही हात लावू दिला नव्हता. त्यांनी पंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"छप्पर मात्र मीच उघडीन," ते शेवटी म्हणाले.

अक्षय तृतीयेच्या सकाळी हनीफभाई रेल्वेने आले, इस्त्रीचा शर्ट घालून. गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. मंदाताईंनी स्वतः फाटक उघडलं. मी पाण्याच्या कॅन घेऊन माझ्या व्हॅनमधून मागे निघाले. हनीफभाई आरामात चालवत होते. शेजारी दिलीपभाऊ मात्र, हनीफभाईंनी नंतर सांगितलं, प्रत्येक गतिरोधकाला पाय दाबत होते, तिथे ब्रेक नसतानाही. चांदूर रेल्वेला थांबून मी तापमानाची सुई पाहिली. मध्यावर. खाली वाकून पाहिलं. तेलाचा एक थेंब नाही.

अमरावतीत दुकानापाशी पोचलो आणि मंदाताईंचा फोन आला.

"पोचली काय गाडी?"

"पोचली."

"गरम झाली?"

"अजिबात नाही."

"मंग तिकडंच राहू द्या. पोर्चात मी पलंग टाकला."

मुदत गाडी बाहेर जाण्याची होती. परत आत येण्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

तेव्हापासून गाडी माझ्या गोडाऊनमध्ये आहे. रविवारी दिलीपभाऊ धामणगावहून एसटीने येतात, हनीफभाई अकोल्याहून रेल्वेने. दोघं बडनेऱ्यापर्यंत चक्कर मारून येतात आणि परतीला कोण चालवणार यावर माझ्या काउंटरवर वाद घालतात. त्यात माझी गिऱ्हाइकंही भाग घेतात. आता असं जुनं काम घेताना मी पहिला प्रश्न गाडीचा विचारत नाही. दुरुस्त झाल्यावर ती कुठे उभी राहणार, ते विचारते, आणि उत्तर घरच्या बाईकडून घेते.