शेवटच्या वळणावरचा ब्रेक
गेमच्या स्टिअरिंगमधली मोटर तापली की जरासा जळका वास येतो, आणि तो आला की मला यवतमाळला लोहारा भागातलं रेसिंग गेमचं ते दुकान आठवतं. तेव्हा पुण्याच्या एका गेमिंग केंद्रात हा खेळ शिकवायला माणूस हवा होता. मार्कशीट नको, ठरलेल्या वेळेत मारलेल्या एका फेरीचा व्हिडिओ हवा होता. माझी शाळा नववीतच सुटलेली, आणि त्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ पाठवायची मुदत संपत होती. पण शेवटच्या वळणावर ब्रेक दाबला की दरवेळी गाडीची मागची चाकं घसरायची. "काहून रे, रस्ता झाडून राह्यला का?" दुकानवाली ताई म्हणाली. "सेटिंग कोनाची टाकली?" म्हटलं, नेटवरच्या सगळ्यात फास्ट पोराची. "मंग त्याचा पायही मागून घ्यायचा!" तिनं सेटिंगमध्ये ब्रेकचा जोर मागच्या चाकांवर कमी करून पुढच्या चाकांवर वाढवला. "आता ब्रेक झटक्यात सोडू नको. वळता वळता सोड." ती व्हिडिओ काढायला मोबाइल धरून मागे उभी राहिली. वळण आलं, ब्रेकवरचा पाय हळूहळूच उचलला. गाडी मागून जराशी हलली आणि सरळ झाली. पडद्यावर ठरलेल्या वेळेच्या आतली वेळ हिरव्या आकड्यांत उमटली, तेव्हा माझ्याआधी ताईच ओरडली, "निंगाला बे पोट्टा पुण्याले!" तो व्हिडिओ अजून जवळ आहे. इथं पुण्यात शिकवताना फार धास्ती वाटली की तो लावतो आणि डोळे मिटून फक्त शेवटचं ताईचं ओरडणं ऐकतो.