ओळीवर ठेवलेलं बोट

रियाधमधल्या आमच्या कंपाउंडमध्ये, समोरच्या घरात, एक म्हातारी इंग्लिश नटी राहायला आली. मुलगी इथे डॉक्टर, तिच्याकडे व्हिजिट व्हिसावर. पहिल्याच दिवशी मी तिला 'आंटी' म्हटलं, तर म्हणाली, "मी कुणाची आंटी नाही. दोनदा राणी झालेय." तिथेच आमचं जमलं.

एकोणिसाव्या वर्षी ती नाटकाच्या दौऱ्यांवर निघाली, पुढे सिनेमात गेली. आधी प्रेयसी, मग आई, मग नर्स, शेवटी खिडकीत बसलेली म्हातारी. "वय वाढलं तशी माझी वाक्यं कमी होत गेली," म्हणायची. आता तीच वाक्यं विसरू लागली होती. किल्ल्या, माझं नाव, आपण जेवलो की नाही, सगळंच. व्हिसा संपला की तिकडचा मुलगा तिला इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमात ठेवणार होता. त्याआधी तिला एक जुनं स्वगत लोकांसमोर पूर्ण म्हणायचं होतं. एकदाच. शुक्रवारी दुपारी कंपाउंडचा हॉल मिळाला.

मी लग्नाआधी सांगलीत हौशी नाटकांची प्रॉम्प्टर. तोंडाला रंग कधी लागला नाही, विंगेत वही घेऊन बसायचं. आमच्याकडे नट अडखळला रे अडखळला की शब्द त्याच्या कानात पडलाच पाहिजे. तिने मलाच वही घेऊन बसवलं, आणि ती सवय इथे नडली. तालमीत ती थांबली आणि मी शब्द टाकला. ती कडाडली, "तो माझा पॉज होता! पॉजमध्ये तोंड घालू नकोस." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मीही फुगले. म्हटलं, घे बाई तुझा पॉज. मग गप्प राहायला शिकले. आणि खरं सांगते, त्या पॉजने अंगावर काटा यायचा.

शुक्रवारी वीसेक माणसं होती. चढताना तिने वाकून स्टेजला नमस्कार केला, हे माझ्याकडून शिकलेलं. अर्ध्यापर्यंत एक शब्द चुकला नाही. मग थांबली. मी मनात म्हटलं, वा! तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हाही अभिनयच. मग तिचे ओठ नुसतेच हलले, तेव्हा कळलं. मी तोंड उघडेपर्यंत लोकांनी संपलं समजून टाळ्या वाजवल्या. तिने वाकून त्या घेतल्या. पुढचं स्वगत राहिलं ते राहिलंच.

पडद्यामागे येऊन तिने माझा हात धरला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तू कुठे होतीस गं?" एवढंच विचारलं.

पुढच्या आठवड्यात ती इंग्लंडला गेली. मी रडले की नवरा म्हणतो, "अगं, तिला ती दुपार आता आठवतही नसेल." नसेल. मला आठवते. मी तिथेच होते, दोन हातांवर, पुढच्या ओळीवर बोट ठेवून.