त्रेचाळीस जण आणि ओस्मुंद

बोर्गहिल्ड आमच्या फ्योर्डातली, डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीतली, फेरीबोट चालवते. तीस वर्षं दोन काठांमध्ये येरझाऱ्या घालून तिचं एकच मत पक्कं झालं होतं: श्रीमंतांनी अजून कर भरावा. श्रीमंत म्हणजे पलीकडच्या काठावरचे. आपण मधले. पलीकडचेही स्वतःला मधलेच समजत, हे तिला कधी पटलं नाही.

डिसेंबरात सरकारनं दरवर्षीसारखी सगळ्यांची कमाई आणि कर संकेतस्थळावर खुले केले. कोणीही कोणाचंही नाव शोधावं; फक्त ज्याला शोधलं त्याला शोधणाऱ्याचं नाव दिसतं. म्हणून शहाणी माणसं शोधत नाहीत, नुसत्या कल्पना करतात.

त्या दिवशी वादळानं फेरी बंद होती. बोर्गहिल्डनं सहज हॉटेलवाल्या टोरगायरचं नाव टाकलं. तो तिच्यापेक्षा कमी कमावत होता. मग मोठ्या गाडीवाला सुतार. तोही खाली. पाद्री, शिक्षिका, मी. बाहेर समुद्र उसळत होता आणि ती एकेकाला बुडवत हसत सुटली होती. त्रेचाळिसाव्या नावाला तिच्या लक्षात आलं की आता त्रेचाळीस घरांत तिचं नाव झळकणार.

संध्याकाळी चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम होती. मधलं एकटीनं गायचं कडवं यंदा तिला मिळालं होतं, बारा वर्षांनी. ते आता जाणार, या धास्तीनं ती केशराचे पाव घेऊन आली. पाव सगळ्यांनी खाल्ले. शेवटी टोरगायरनं विचारलं, "मग कॅप्टनबाई, श्रीमंतांवर कर वाढवायचा ना?"

"वाढवा," ती पुटपुटली. "भरते मी."

आम्ही इतके हसलो की मेणबत्त्या विझल्या. हसला नाही तो एकटा ओस्मुंद, कोपरांवर ठिगळं लावलेला स्वेटर घालणारा मेंढपाळ. गाणं बसवणारा तोच. कडवं कोणाचं, हेही तोच ठरवतो.

"मला का नाही शोधलंस?" तो म्हणाला. "मी सकाळपासून तीनदा बघितलं. कोणीच नाही."

"तुझ्याकडे काय असणार, असं वाटलं रे."

"शोध."

तिनं सगळ्यांसमोर फोन काढला. ओस्मुंदच्या कुरणातल्या धबधब्यावर वीज होते आणि कंपनी त्याला भाडं देते, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. आकडा बघून बोर्गहिल्ड बाकावर बसली. गावात तिच्या वर एकच होता.

ओस्मुंदच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. त्यानं छडी उचलली.

"ऊठ," तो म्हणाला. "कडवं तुझंच आहे."

ती इतक्या वरच्या सुरात सुरू झाली की पुढच्या कडव्यात आम्हा कोणालाच साथ देता येईना.