आठ दिवसांची मुदत

त्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या चौथ्या मजल्यावर, रक्तपेढीच्या जिन्यापलीकडे, एक लांबोळकी खोली होती. संशोधनाच्या अनुदानांचं काम तिथून चाले. दरवर्षी दीडशेच्या आसपास डॉक्टर अर्ज करायचे, त्यातल्या दहा-बाराजणांच्या पदरात काही पडायचं आणि उरलेले सगळे त्या खोलीच्या नावानं बोटं मोडायचे.

खोलीची प्रमुख पन्नाशीला टेकलेली एक बाई होती. दारावर 'संचालक' अशी पाटी होती, पण पाठीमागे सगळे तिला 'भिंगबाई' म्हणत. कुणाचा अर्ज चांगला हे तज्ज्ञांची समिती ठरवायची; गुण द्यायचा अधिकार तिला नव्हता. पण समितीपुढे जाणारं प्रत्येक पान आधी तिच्या नजरेखालून जाई. परवानगीपत्रावरची तारीख चुकलेली असो, की उंदरांची संख्या चौथ्या पानावर चाळीस आणि नवव्या पानावर अडतीस असो, तिला ते दिसायचंच. एकदा एका हृदयरोगतज्ज्ञानं वैतागून विचारलं, "बाई, दोन उंदरांनी काय एवढं बिघडतं?"

"माझं काहीच बिघडत नाही," ती म्हणाली. "ते दोघं गेले कुठे, तेवढं लिहा."

ती मुळात डॉक्टर नव्हती. तेविसाव्या वर्षी याच इमारतीच्या तळमजल्यावर, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागली होती. मेणात बसवलेल्या अवयवाचे पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, कुंचल्यानं काचपट्टीवर उचलून घ्यायचे आणि मग रंगवायचे, हे तिचं काम. यकृताचे मोठे डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, त्यांच्या हाताखाली तिनं अकरा वर्षं काढली. सरांनीच तिला पुढे शिकायला लावलं. परीक्षेच्या वेळी रजा दिली. अनुदान विभागात जागा निघाली तेव्हा तिचं नावही त्यांनीच सुचवलं. तिची आई काविळीनं अगदी हातची जायची वेळ आली होती, तेव्हा सर तीन आठवडे रोज दोनदा येऊन तिला पाहत होते. आई उठून बसली. त्या दिवसापासून मायलेकींच्या घरात सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्याच सरांचा अर्ज एका मंगळवारी सकाळी तिच्या टेबलावर आला.

सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. यकृत हळूहळू कडक होत जाण्याच्या रोगावर त्यांनी एक औषध तयार केलं होतं. उंदरांना ते देऊन झालं होतं, आता माणसांना द्यायचं होतं. चाळीस रुग्णांची यादीसुद्धा अर्जाला जोडलेली होती. एकतिसाव्या पानावर उंदराच्या यकृताची तीन चित्रं होती. पहिलं रोगट, दुसरं औषध सुरू केल्यावर तीन आठवड्यांनी, तिसरं सहा आठवड्यांनी. तिसरं इतकं निरोगी होतं की पाहणाऱ्याच्या मनात शंका उरू नये.

त्या तिसऱ्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक घडी होती. कापाला पडलेली बारीक घडी, वर जाऊन दोन फाटे फुटलेली, त्यातला एक फाटा आखूड.

तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. ती घडी तिच्याच हातून पडली होती, एकवीस वर्षांपूर्वी. काप पाण्यावर तरंगत होता आणि प्रयोगशाळेतला फोन वाजला. तिचे वडील गेले होते. तिनं फोन खाली ठेवला आणि, का कोण जाणे, आधी तो काप उचलायला गेली. हात थरथरला. सर मागेच उभे होते. "राहू दे, बाकीचा भाग चांगला आलाय. तू घरी जा," ते म्हणाले होते. तो उंदीर कधी आजारीच नव्हता. आणि हे औषध तर तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ती जिना उतरून तळमजल्याच्या कोठारात गेली. जुन्या काचपट्ट्यांच्या लाकडी पेट्या तिनंच ठरवलेल्या क्रमानं लावलेल्या होत्या. पट्टी सापडली. खिडकीच्या उजेडात धरून तिनं ती घडी पाहिली आणि पट्टी पुन्हा जागेवर ठेवली. पुढे कितीदा तरी तिच्या मनात आलं की ती तेव्हाच खिशात टाकायला हवी होती.

नियम तिला तोंडपाठ होता, कारण तो तिनंच लिहिला होता. असं काही आढळलं तर त्याच दिवशी, संबंधित माणसाशी एक शब्द न बोलता, डीनना कळवायचं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती डीनच्या दारावरून पुढे गेली आणि सरांच्या खोलीत शिरली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "तुला अजून आठवतं ते?"

"माझे वडील गेले त्या दिवशी, सर."

ते म्हणाले, "औषध चांगलंच आहे. माझी खात्री आहे. उंदरांची शेवटची तुकडी मेली, पुन्हा करायला वेळ कुठला? एकच चित्र कमी पडत होतं."

"सर, यादीत चाळीस माणसं आहेत."

"आता तू मला शिकवणार?" आवाज चढला आणि लगेच उतरला. "हे बघ, मला आठ दिवस दे. अर्ज मी स्वतःच मागे घेतो. जाता जाता माझे धिंडवडे नकोत. एवढं करशील ना?" मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आईची तब्येत बरी आहे ना आता?"

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. "बरी आहे, सर," ती म्हणाली. आणि "ठीक आहे" असंही म्हणाली.

ते आठ दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. रोज सकाळी आल्या आल्या ती टपालाचा ट्रे चाळायची. अर्ज मागे घेतल्याचं पत्र काही येईना. नवव्या दिवशी पत्र आलं, पण ते डीनकडून, तिला माहितीसाठी पाठवलेलं. सरांनी तक्रार केली होती: माझ्या सहायकानं अर्जात खोटं चित्र घातलं, ते मीच पकडलं, त्याला कामावरून दूर करावं.

तशीच ती कोठाराकडे धावली. फळीवर सगळीकडे धूळ होती, फक्त एका पेटीएवढा चौकोन स्वच्छ होता.

सहायक तिला खालच्या मार्गिकेत भेटला. चाळिशीचा, कंत्राटावर लागलेला, दोन शाळकरी मुलींचा बाप. पुठ्ठ्याच्या खोक्यात तो आपला पेला, पुस्तकं आणि पांढरा कोट भरून निघाला होता. सुरक्षारक्षक दोन पावलं मागे.

"चित्र मला सरांनीच दिलं होतं, बाई," तो म्हणाला. "मी कशाला विचारू कुठून आणलंत म्हणून? सरांना कोण विचारतं?"

खरंच, सरांना कोण विचारत होतं?

घरी तिनं आईला सगळं सांगितलं. आई शेंगा सोलत होती. हात थांबले.

"अगं, त्या माणसानं मला मरणाच्या दारातून ओढून आणलं. आणि तू त्यांच्या तोंडाला काळं फासणार?"

"आई, दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडलंय त्यांनी."

"तो पोरगा तरुण आहे. मिळेल त्याला दुसरीकडे काही. यांना या वयात काय मिळणार?"

"आणि ती चाळीस माणसं?"

शेंगांची परात उचलून आई आत गेली.

आता काचपट्टी नव्हती. नुसत्या शब्दावर सरांपुढे कोण तिचं ऐकणार? तेव्हा तिला आठवलं की त्या वर्षी सरांचे तीन विद्यार्थी प्रबंध लिहीत होते, आणि चित्रांसाठी तिच्याच काचपट्ट्या वापरत होते. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, शिडीवर बसून, तिनं तीन दुपारी जुने प्रबंध पालथे घातले. तिसऱ्या दुपारी, एका जाडजूड प्रबंधाच्या शेवटी, ती घडी समोर आली. दोन फाटे, एक आखूड. खाली छापलं होतं: निरोगी उंदराचं यकृत. तिला आनंद झाला नाही. प्रबंध काखेत धरून ती शिडीवरून उतरली.

चौकशी समितीत पाचजण होते. प्रबंध आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवल्यावर वाद उरलाच नाही. सर समोरच बसले होते. त्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

खरं तर ती म्हणू शकली असती, तक्रार वाचल्यावर. कुणाला कळलं नसतं. सर काही बोलणार नव्हते. बोलले असते तर स्वतःच अडकले असते.

"तक्रार यायच्या नऊ दिवस आधी," ती म्हणाली. "मी आधी सरांना सांगितलं. त्यांनी आठ दिवस मागितले, मी दिले. पेटी त्या दिवसांत गेली. त्यांच्या सहायकाची नोकरीही त्याच दिवसांत गेली."

अध्यक्षबाईंनी लेखणी खाली ठेवली. "नियम तुम्हीच लिहिला होता ना?"

"हो."

सरांना महिन्याभरात घरी पाठवलं. समारंभ नाही, निरोप नाही. सहायक निर्दोष ठरला, पण त्याच्या जागेवर तोवर दुसऱ्याची नेमणूक झाली होती आणि त्यालाही तिथे परत यायचं नव्हतं. तो शहर सोडणार असं कळल्यावर ती त्याला भेटायला गेली. त्यानं तिला दारातच उभं ठेवलं. आतून भांडी गुंडाळल्याचा आवाज येत होता.

"तुम्ही खरं बोललात, त्याबद्दल आभार मानायला हवेत," तो म्हणाला. "पण त्यांना तुम्ही आठ दिवस दिलेत. मला आठ मिनिटंही कुणी दिली नाहीत."

तिनं मान हलवली आणि ती परत फिरली. माफी मागायची म्हणून जी वाक्यं जुळवून आणली होती, ती तशीच राहिली.

तिचं संचालकपद काढून घेतलं. नोकरी राहिली. त्याच खोलीत, दाराजवळच्या टेबलावर अर्ज नोंदवून घ्यायचं काम मिळालं. नवे संचालक तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. दोन दिवस ते तिला हाक मारायलाही संकोचत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी दहा प्रश्न विचारले आणि तिनं दहाही उत्तरं दिली.

आई आठवडाभर अबोला धरून होती. मग एका सकाळी, तपासणीची तारीख जवळ आली तेव्हा म्हणाली, "तू बरोबरच केलं असशील. पण मला काही ते बरोबर वाटत नाही." दुसऱ्या डॉक्टरकडे जायला ती अजून तयार नव्हती. मुलीनंही जास्त ताणून धरलं नाही.

पावणेदोन महिन्यांनी एक नवरा-बायको जिना चढून वर आले. नवऱ्याचे डोळे पिवळट, पोट फुगलेलं. दर पाच पायऱ्यांना थांबत आलेला. बायकोच्या हातात पत्र होतं. चाळीसजणांच्या यादीत त्याचा अकरावा क्रमांक होता.

"बाई, ते औषध कधी सुरू होणार?" बायकोनं विचारलं. "खाली कुणी नीट सांगत नाही. म्हणतात, थांबलंय."

नवे संचालक आपल्या टेबलावरून उठू लागले. तिनं हातानंच त्यांना थांबवलं, दोघांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः त्यांच्या समोर बसली.

"थांबलेलं नाही, बंदच झालंय," ती म्हणाली. "ते औषध उपयोगी पडतं असं दाखवणारा पुरावा खोटा निघाला. तुम्हाला ते दिलं असतं तर काय झालं असतं, कुणालाच माहीत नाही."

बायको तिच्याकडे बघतच राहिली. "पण मोठ्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतं."

"आम्ही चार महिने त्याच्या भरवशावर थांबलो. दुसरीकडे दाखवलंसुद्धा नाही." नवऱ्यानं तिच्या हातातलं पत्र घेतलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "मग आता आम्ही काय करायचं?" बायको म्हणाली.

याला अर्जात रकाना नव्हता. ती उठली, नव्या संचालकांना "तासाभरात येते" म्हणाली आणि त्या दोघांना घेऊन कर्मचाऱ्यांच्या लिफ्टनं खाली यकृताच्या बाह्यरुग्ण विभागात गेली. खिडकीसमोर लांब रांग होती. नवऱ्याला तिनं बाकावर बसवलं, त्याची जुनी कागदपत्रं बायकोकडून मागून घेतली आणि ती त्यांच्या वतीनं रांगेत उभी राहिली.